कान्हेरीची पिंड

टाक्यातल्या पाण्यात रुमाल भिजवून काशीराम वर उठला, तेव्हा पायरीवर प्रेमाच्या चपला होत्या आणि प्रेमा नव्हती.

चपला एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या होत्या. तगरीच्या फुलांची पिशवी मात्र दिसत नव्हती. काशीरामने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग उगाचच टाक्यात वाकून पाहिलं. पाणी हिरवं आणि संथ होतं. त्यात आभाळाचा एक तुकडा होता आणि त्याचं स्वतःचं टक्कल होतं.

“अगो,” त्याने हाक मारली.

वरच्या झाडीत एक वानर या फांदीवरून त्या फांदीवर गेलं. बाकी काही हललं नाही.

“अगो, खय गेलंस?”

चढून आल्यावर तिला घाम फुटला होता, मानेवर गार रुमाल ठेवावा, एवढंच त्याच्या मनात होतं. “हयच बस, हलू नको,” असं बजावून तो बाजूला झाला होता. पाठ वळवून माणूस रुमाल भिजवतो तेवढा वेळ. तेवढ्यात गुडघ्यांच्या नावाने सकाळ-संध्याकाळ कुरकुरणारी सत्तरी पार केलेली बाई जाऊन जाऊन जाणार कुठे? पण गेली होती. मार्गशीर्षात बोरिवलीच्या बाजारातूनही ती अशीच गेली होती, मेथीची जुडी निवडता निवडता. संध्याकाळी सापडली ती दहिसरच्या चेकनाक्यापाशी. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विचारत होती, कणकवलीची गाडी कुठे लागते.

त्या दिवशी त्यांचा मुलगा सौरभ जेवला नाही. आधी रडला, मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, “बाबा, आता पुरे.” बदलापूरच्या पुढे अशा विसराळू झालेल्या माणसांसाठी एक घर होतं, ते त्याने बघून ठेवलं होतं. स्वच्छ आहे, सांभाळणाऱ्या बाया चांगल्या आहेत, भोवती कुंपण आहे. कुंपण हा शब्द ऐकून काशीराम भरल्या ताटावरून उठला आणि एवढा ओरडला की खालच्या मजल्यावरचे वर आले. त्याचा हट्ट चाळीतल्या दिवसांपासून प्रसिद्ध होता. शेवटी सून ऋतिकाने मधला मार्ग काढला. आईंना आम्हा दोघांपैकी कोणी बरोबर असल्याशिवाय बाहेर न्यायचं नाही. आणि पुन्हा हरवल्या, तर बाबांनी सौरभला अडवायचं नाही. काशीरामने मान हलवली होती. हलवावीच लागली होती.

आणि आज दोघं ऑफिसात असताना, दुपारी दार ओढून घेऊन तो बायकोला नॅशनल पार्कातल्या कान्हेरीच्या लेण्यांवर घेऊन आला होता.

त्याचं तरी काय चुकलं? सकाळी चहाची बशी खाली ठेवून तिने त्याच्याकडे पाहिलं होतं. ओळखून पाहिलं होतं. आणि स्वच्छ आवाजात म्हणाली होती, “अवो, कान्हेरीक जावया. पिंडीक पाणी घालून लय दीस झाले.” कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी हवं होतं. अशा वेळी नाही म्हणणारा माणूस निराळा असतो, काशीराम तसा नव्हता.

पिंड म्हणजे मोठ्या लेण्यातला स्तूप. लग्नाच्या पहिल्या वर्षी महाशिवरात्रीला गिरणीतल्या चार जोडप्यांबरोबर ते इथे आले होते. लेण्यात शिरून तो गोल, थोराड दगड पाहताच प्रेमाने लोटाभर पाणी घातलं, तगर वाहिली आणि डोळे मिटून मूल मागितलं. हा बुद्धाचा स्तूप आहे, शंकराची पिंड नव्हे, हे काशीरामला परतताना एका सोबत्याने सांगितलं. पण तिचा चेहरा इतका उजळला होता की त्याने ते पोटातच ठेवलं. पुढच्या वर्षी सौरभ झाला आणि मग सांगायची सोयच उरली नाही. शंकराची एवढी मोठी पिंड अख्ख्या मुंबईत नाही, असं ती बिल्डिंगमधल्या बायकांना आजवर सांगत आली होती.

काशीराम पायऱ्या उतरून मोठ्या लेण्याकडे धावला. धावला म्हणजे त्याच्या वयाने जेवढं जमेल तेवढं. पडवीत दोन्ही अंगांना उंचच उंच बुद्ध उभे होते. त्यांच्यामधून जाऊन त्याने उंबऱ्यावरूनच आत डोकं घातलं. खांबांच्या दोन रांगा, त्यांच्या टोकाशी स्तूप. उतरतं ऊन दारातून आत येऊन स्तूपाच्या पोटावर पडलं होतं.

“प्रेमा!”

लेण्याने तिचं नाव त्याच्याच तोंडावर परत फेकलं. नाव घेऊन हाक मारायची सवय त्याला नव्हती, जन्मभर ‘अगो’वर भागलं होतं. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, नावाने हाक मारत जा. म्हणून तो आणखी मोठ्याने ओरडला. मग आणखी एकदा. आत काही हललं नाही. पिंडीपाशी नाही म्हणजे ती आलीच नाही, त्याने ठरवून टाकलं. पायांत काही नाही, म्हणजे वर चढली असेल, नाहीतर खाली ओढ्याकडे गेली असेल. ओढ्याचं नाव मनात आल्याबरोबर तो पडवीतून बाहेर धावला.

खाली, तिकिटाच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर राखणदार उभा होता. गळ्यात शिट्टी, हातात काठी. लोकांना खाली पाठवायची वेळ होत आली होती. चार पावलं जाऊन त्याला सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण तो पहिलं काय विचारेल, ते काशीरामला पाठ होतं. घरच्यांचा नंबर द्या, बाबा. मग ऑफिसातून फोन, मग सौरभ, मग बदलापूर. राखणदाराने मान वळवली तेव्हा काशीराम झटकन एका खडकाच्या आड झाला. सत्तरी ओलांडलेला माणूस, लपंडाव खेळणाऱ्या पोरासारखा अंग चोरून उभा होता. आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते आहे, ती सापडणार नाही याची की हरवली असं सौरभला कळेल याची, हे त्याला त्या घटकेला सांगता आलं नसतं. आपण बायकोपेक्षा आपला हट्ट सांभाळतो आहोत की काय, या विचाराने त्याला स्वतःची घाण वाटली. तरी तो खडकाआडून हलला नाही. राखणदार पुढे गेल्यावर तो वरची वाट चढू लागला.

वर लेणीच लेणी होती. भिक्षूंनी राहण्यासाठी कोरलेल्या खोल्या, प्रत्येकीला ओटा, प्रत्येकीत मागे एक काळोखी कोनाडा. काशीराम एकेका दारात थांबून हाक मारत होता आणि प्रत्येक खोली त्याला त्याचीच हाक परत देत होती. काही ठिकाणी वटवाघळं फडफडली. एका खोलीत कोपऱ्यात काहीतरी वेटोळं करून बसलेलं दिसलं. जवळ गेला तर कोणीतरी टाकलेलं गोणपाट होतं.

“प्रेमा!” मग त्याला आणखी एक सुचलं. तिचं माहेरचं नाव. लग्नात तांदळात बोट फिरवून त्याने ते बदललं होतं, त्यानंतर कोणीच घेतलं नव्हतं. हल्ली ती माहेरच्याच गोष्टी काढून बसते, म्हणून त्याने तेही करून पाहिलं. “रतन! रतन गो!”

रतनही कुठून बोलली नाही.

माथ्याकडच्या वळणावर वरून उतरणारा एक माणूस त्याला भेटला. चाळिशीचा, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. डोंगराच्या कडेला विटांच्या जुन्या स्तूपांचे चौथरे आहेत, जिथे कधीकाळी भिक्षूंची राख ठेवायचे, तिकडून तो येत होता. त्याच्या मागे सगळं जंगल खाली पसरलं होतं, जंगलापलीकडे बोरिवलीच्या इमारती आणि त्यांच्याही पलीकडे खाडीच्या अंगाला गोराईच्या पॅगोड्याचा सोनेरी कळस उन्हात चमकत होता. एरवी काशीरामने थांबून बायकोला दाखवला असता.

“काय झालं, काका?” त्या माणसाने विचारलं.

“काय नाय.”

“कोणाला शोधताय का? मघापासून हाका ऐकतोय मी.”

“काय नाय रे बाबा. आमची मंडळी जरा पुढे गेलीय.”

असं म्हणून तो पुढे निघाला, त्याचा पाय दगडावरून सरकला आणि तो गुडघ्यावर आपटला. माणसाने त्याला धरून बसवलं. विजार फाटून रक्त आलं होतं. मघापासून हातात घट्ट धरलेला ओला रुमाल जखमेवर लावावा, हे काशीरामला सुचलं नाही. तो रुमाल तिचा होता.

“तिला आठवत नाय,” तो एकदम म्हणाला. “घर आठवत नाय, नाव आठवत नाय. पायात चपला नायत तिच्या. मी पाठ वळवली.”

माणसाचं नाव धम्मपाल. घाटकोपरला राहणारा, दर पौर्णिमेला न चुकता इथे येणारा. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, मग म्हणाला, “काका, आधी राखणदाराला सांगू. चार माणसं लागतील.”

“नको.”

“अहो, अंधार पडेल.”

“शिट्टी होईपर्यंत थांब. तुझ्या पाया पडतो. त्याला सांगितलं ना, तर सापडली तरी ती माझी राहणार नाय.”

धम्मपालला यातलं काय कळलं कोण जाणे. “शिट्टी झाली की मी सांगणार,” तो म्हणाला. “मी ओढ्याकडे बघतो. तुम्ही हा कडा सोडून खालच्या खोल्या बघा.”

तो गेला आणि तेवढ्यात पलीकडच्या उतारावर वानर ओरडलं. साधं ओरडणं नव्हतं ते. घशातून काढलेला, खाकरल्यासारखा, थांबून थांबून येणारा आवाज. दुसऱ्या झाडावरून दुसऱ्याने साथ दिली. काशीराम जागच्या जागी थिजला. लहानपणी गावी असा आवाज आला की त्याचा बाप हातातलं काम टाकून गुरं आत घ्यायला धावायचा. वानर झाडावरून बिबट्याला बघतं तेव्हा असं बोलतं.

आवाज ओढ्याच्या बाजूने येत होता. पानं वाजत होती, ती वाऱ्याने की कशाने, हे कळत नव्हतं. तिची पावलं त्याच्या डोळ्यांसमोर आली, टाचांना भेगा पडलेली, हल्ली तोच रोज ज्यांना खोबरेल लावायचा ती. ती ओरडणारही नाही, त्याला वाटलं. समोर काय उभं आहे ते तिला कळणारच नाही. कुत्रं समजून हात पुढे करील. त्याने तोंडावर हात दाबला, कारण आता हाक मारली तर कोण वळून बघेल याचीच त्याला भीती वाटू लागली.

खालून शिट्टी झाली. लांब, कर्कश, परत परत.

तो कसा उतरला हे त्याला नंतर आठवलं नाही. फाटलेला गुडघा ओढत तो त्या टाक्यापाशी आला. चपला तशाच होत्या. त्या उचलून छातीशी धरल्या आणि पाय नेतील तिकडे जात तो पुन्हा मोठ्या लेण्याच्या पडवीत येऊन पोचला. धम्मपाल समोरच्या पायऱ्या चढून येत होता. त्याने मान हलवली. नाही.

“मी राखणदाराला बोलवतो,” तो म्हणाला.

या वेळी काशीरामने त्याला अडवलं नाही.

लेण्यात कोणी दिसत नव्हतं. ऊन आता स्तूपाच्या माथ्यावर चढलं होतं आणि खालचं सगळं करडं झालं होतं. काशीराम खांबांच्या मधून चालत गेला आणि स्तूपासमोर उभा राहिला. हा देव नव्हे हे त्याला त्याच्या सोबत्याने सांगितलं होतं, पण दुसरं कोणी जवळपास नव्हतं. त्याने चपला खाली ठेवल्या, टोपी नव्हती म्हणून रुमालच डोक्यावर टाकला आणि हात जोडले.

गाऱ्हाणं घालणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. गावच्या देवळात त्याचा बाप घालायचा, मुंबईत घरच्या गणपतीपुढे तो घालायचा. एकाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, आणि प्रत्येक मागणीपाशी तो थांबला की जमलेल्यांनी होकार भरायचा. होकारावाचून गाऱ्हाणं पुरं होत नाही. इथे होकार भरायला कोण होतं?

“बा देवा म्हाराजा,” तो पुटपुटला. “बारा येशीच्या म्हाराजा. तुझां लेकरू आज तुझ्या दारात एकटां उभां आसा. माझ्या घरचां माणूस ह्या डोंगरात चुकलां हा, म्हाराजा.”

सवयीने तो थांबला. खांब गप्प होते.

“ता खय असात थय तेची राखण कर. वाघरापासून राख, कड्यापासून राख. तेच्या पायाक काटो लागू देव नको, म्हाराजा.”

पुन्हा थांबला. बाहेर वानर अजून खाकरत होतं. काशीरामला कळलं, नुसतं मागून भागणार नाही. आपल्याकडून काहीतरी ठेवावं लागेल. आणि ठेवण्यासारखं त्याच्याजवळ एकच होतं. भीतीने माणूस खरं बोलायला लागतो. त्याने मान वर केली आणि बाप देवळात काढायचा तसा पोटातून आवाज काढला. लेणं भरून गेलं.

“तिका सुखरूप माझ्या पदरात घाल! मगे मी माझो हट्ट सोडतंय. झील सौरभ म्हणता थय मी तिका धाडतंय, माझ्या हातान धाडतंय. हो माझो शब्द आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

आवाज स्तूपाच्या मागून आला होता. बाईचा, खणखणीत, शेवटचं अक्षर थोडं लांबवणारा. चतुर्थीला घरातले सगळे बाहेरच्या खोलीत हात जोडून उभे असायचे आणि प्रेमा आत मोदकांपाशी. उकडीचे हात तसेच ठेवून ती आतून होकार भरायची, सगळ्यांच्या वर तिचा आवाज. इतक्या वर्षांत तिचा होकार कधी चुकला नव्हता. यंदाच्या चतुर्थीलाही नाही.

काशीराम खांबाला धरत धरत स्तूपाच्या मागे गेला.

तिथे काळोखात, दगडाला पाठ लावून प्रेमा बसली होती. समोर पदर पसरून त्यावर तगरीची फुलं मांडलेली होती. टाक्याच्या पायरीलाच देवळाची पायरी समजून, तिथे चपला काढून ती सरळ देवापाशी आली होती. एवढंच झालं होतं. त्याने उंबऱ्यावरून हाक मारली तेव्हाही ती इथेच होती.

“तुमी इलास?” ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

“खय होतंस गो?” काशीराम तिच्यासमोर बसकण मारून बसला. त्याला रडू आवरेना. “किती हाका मारलंय. ओ नाय देवक होयी?”

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“एक म्हातारो दारात येऊन आराडत होतो,” ती म्हणाली. “कोणाक तरी शोदीत होतो. मी भियालंय. म्हणान हय लपान बसलंय. मगे तुमी गाऱ्हाणां घातलास, तेवा कळला, आपली माणसां इली.”

काशीरामने तिचा हात धरला. तो थंडगार होता.

राखणदार विजेरी घेऊन आला, त्याच्यामागे धम्मपाल. राखणदाराने प्रेमाच्या तोंडावर उजेड टाकला, मग लगेच खाली घेतला. “बाबा, मघाशीच सांगायचं ना,” तो वैतागून म्हणाला. “खाली ओढ्याला बिबट्या आलाय, आम्ही तिकडेच बघत होतो. चला, शेवटची बस आहे.” नंबर वगैरे त्याने काही विचारला नाही. घाईत होता.

चौघं पडवीतून बाहेर आले. राखणदार पुढे गेला. फुलांची रिकामी पिशवी धम्मपालच्या हातात होती. तगरीची फुलं प्रेमाने एकूण एक स्तूपाच्या पायाशी ठेवली होती आणि तो उभा राहून बघत होता.

“तुम्ही बोललात ते मी पायऱ्यांवर ऐकलं,” तो काही वेळाने काशीरामला म्हणाला. “मालवणी पूर्ण नाही कळत मला. पण नवस बोललात ना?”

“व्हय.”

“काका, वाईट नका वाटून घेऊ. आम्ही फुलं ठेवतो, बसतो, पण इथं कोणी काही मागत नाही. देणारा कोणी आहे असं आम्ही मानतच नाही. तो स्तूप आहे.”

“ठाऊक आहे मला.” काशीराम थांबला. “म्हणजे इथे देव नाय.”

“नाही.”

“मग नवस?”

“नवस तरी कसा होईल? घेणाराच नाही तर. घाबरून बोलून गेलात. काकू सापडायच्याच होत्या, त्या आतच होत्या.”

काशीरामच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. खरंच की. ती हरवलीच नव्हती. देवळात बसली होती. देव नाही, तर नवस नाही, नवस नाही तर बदलापूर नाही. सौरभला यायला अजून वेळ होता. बस पकडली, गेटावरून रिक्षा केली, तर तो यायच्या आत कपडे बदलून टीव्हीसमोर बसता येईल. गुडघ्याचं काय, बाथरूममध्ये पडलो म्हणायचं. त्याने हा सगळा हिशोब एका दमात केला आणि त्याला हसू आलं.

प्रेमा पायरीवर बसून चपला घालत होती. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. अंगठा आत जाईना म्हणून ती चपलेकडेच रागावून बघत होती. काशीराम दुखरा गुडघा लांब करून तिच्यापुढे बसला आणि तिचं पाऊल मांडीवर घेतलं. तळवा धुळीने माखला होता. रुमालाची ओल अजून गेली नव्हती, त्याने तळवा पुसला. मग दुसरा पुसला. नीट निरखून पाहिलं. दगडगोट्यांवरून ती अनवाणी चालत गेली होती, पण एक काटा नव्हता, एक ओरखडा नव्हता.

तो ते पाऊल हातात धरून बसून राहिला.

“ऐकणारं कोणी नव्हतं तिथं, काका,” धम्मपाल समजुतीने म्हणाला.

“होती ना,” काशीराम म्हणाला. “तिने होकार भरला.”

खालून राखणदाराने बसच्या नावाने हाक दिली. काशीरामने एकेक चप्पल तिच्या पायात चढवली. आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजू लागला. सौरभ आज लवकर घरी आला असणार. काशीरामने फोन बाहेर काढला, त्यावरचं नाव पाहिलं आणि तसाच हातात धरून ठेवला. मघा वानर ओरडलं तेव्हा वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटत होती.

“कोणाचो?” प्रेमाने विचारलं.

“सौरभचो.”

“सौरभ कोण?”

“आपलो झील. हयच मागलेलंस तेका.”

प्रेमाने मान वळवून लेण्याच्या दाराकडे पाहिलं. आत आता काही दिसत नव्हतं. फोन वाजतच होता. तिच्या कपाळावर आठी पडली, मग हळूहळू निवळली.

“मगे घेवा मा,” ती म्हणाली. “घाबारलो असात पोर.”

काशीरामने फोन कानाला लावला.